पाण्याला वाट ठेवा : अमेरिकेतल्या पहिल्या हिवाळ्यात घरचे पाईप कसे सांभाळायचे

एप्रिलमधला शनिवार होता. शिकागोच्या उपनगरात आमचं पहिलं घर घेऊन नऊ महिने झाले होते. बर्फ वितळला होता आणि तिकडून आलेल्या आईनं मागच्या अंगणात मेथी टाकायचा घाट घातला होता. मी मागच्या भिंतीवरचा नळ सोडला. होजच्या, म्हणजे झाडांना पाणी घालायच्या रबरी नळीच्या, टोकाला धार आली, पण अगदीच मेलेली. प्रेशर कमी दिसतंय म्हणून मी नळ आणखी दोन आटे फिरवला. पाच मिनिटांनी आई बेसमेंटमधून ओरडली, "अरे, इकडे भिंत रडतेय!"

खाली छताजवळून पाणी ओघळत होतं. गणपतीच्या मखराचे खोके, लग्नाचे अल्बम, कार्पेट, सगळं भिजलं. प्लंबरनं ड्रायवॉल कापून तांब्याच्या नळीचा तुकडा माझ्या हातात ठेवला. गवारीची जून शेंग उकलावी तशी बोटभर लांब फट, कडा बाहेर वळलेल्या. ही फट जानेवारीतच कधीतरी पडली होती, आणि तीन महिने भिंतीच्या आत गपचूप बसली होती. कारण काय, तर ऑक्टोबरमध्ये मी त्या नळाला लावलेला होज काढून ठेवला नव्हता. बस, एवढंच.

त्याला आता बरेच हिवाळे झाले. दर नोव्हेंबरला नवीन घर घेतलेल्या कुणाचा तरी फोन येतो, "दादा, ते पाईप गोठतात म्हणतात ते काय असतं?" त्यांना जे सांगतो ते इथे क्रमानं लिहितो आहे. मी प्लंबर नाही, एकदा पोळलेला घरमालक आहे.

आधी फुटतं कसं ते समजून घ्या

पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, हे शाळेत शिकलेलं असतं. त्यामुळे आपली समजूत अशी, की बर्फ जिथे धरतो तिथेच तो पाईप आतून रेटून फोडतो. पण बहुतेक वेळा असं होत नाही. पाईपमध्ये आधी बर्फाचं बूच बसतं. ते लांबीत वाढत जातं आणि पुढचं पाणी नळाच्या दिशेनं ढकलत राहतं. नळ बंद असेल तर बूच आणि नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याला जायला जागाच उरत नाही. घरातल्या पाण्याचा दाब एरवी 40 ते 80 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) असतो. तिथे तो कित्येक पटींनी चढतो आणि पाईप जिथे कच्चा असेल तिथे फाटतो. त्या जागी बर्फ असेलच असं नाही. बर्फ भिंतीच्या कोपऱ्यात आणि फट चार फूट अलीकडे, असं सर्रास दिसतं.

ही एक गोष्ट डोक्यात बसली की पुढचे सगळे उपाय आपोआप कळतात. नळ किंचित उघडा ठेवायचा तो का, होज काढायचा तो का, भारतात जाताना पाणी बंद करून नळ उघडे टाकायचे ते का. सगळ्याच्या मुळाशी एकच : पाण्याला कोंडू नका, त्याला बाहेर पडायला वाट ठेवा.

आता किती थंडी पडली की घाबरायचं? पाणी 32 फॅरनहाइटला गोठतं, पण घरातला पाईप लगेच गोठत नाही, घराची ऊब त्याला धरून असते. इलिनॉय विद्यापीठात ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, इन्सुलेशन नसलेले पाईप ठेवून प्रयोग झाले होते. त्यातून बाहेर 20 फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे 7 सेल्सिअस, हा सावध व्हायचा आकडा निघाला. वाऱ्याचं मात्र वेगळं. फोनवर दिसणारा 'विंड चिल' आपल्या कातडीसाठी असतो, पाईप हवेच्या खऱ्या तापमानापेक्षा थंड होत नाही. पण वारा भिंतीच्या फटीतून आत शिरला तर पाईपभोवतीची ऊब भराभर पळवतो. म्हणून 10 फॅरनहाइटच्या शांत रात्रीपेक्षा 15 फॅरनहाइटची वादळी रात्र जास्त वाईट ठरू शकते.

आणखी एक. "मी डॅलसला आहे, मला काय त्याचं," असं म्हणू नका. उलट तुम्हीच जास्त वाचा. शिकागोत जमिनीखालची लाईन 42 इंचांच्या खाली गाडलेली असते, कारण गोठण तिथवर उतरते असं धरून इथलं बांधकाम होतं. 30 जानेवारी 2019 ला इथे उणे 23 फॅरनहाइट झालं, तरी बहुतेक घरं सुखरूप होती. टेक्सासमध्ये बेसमेंट सहसा नसतात, कित्येक घरांचे पाईप ॲटिकमधून नेलेले असतात, आणि ॲटिक म्हणजे जवळजवळ बाहेरच. फेब्रुवारी 2021 च्या गोठणीत डॅलसला उणे 2 फॅरनहाइटपर्यंत पारा गेला, त्यात लाखो घरांची वीज गेली, घर तापवणारे फर्नेस थांबले आणि लोकांच्या छतांतून धबधबे कोसळले.

पहिलं काम : मेन व्हॉल्व्ह शोधा

मेन व्हॉल्व्ह म्हणजे अख्ख्या घराचं पाणी एका जागी बंद करता येतं तो. हे आजच करा. घरात राहायला गेल्यावर दुधाचं पातेलं उतू घालून झालं की दुसरं काम हे असायला हवं, इतकं ते महत्त्वाचं आहे.

उत्तरेकडच्या घरांत तो बहुधा बेसमेंटमध्ये, रस्त्याकडच्या भिंतीजवळ, पाण्याच्या मीटरला लागून असतो. बेसमेंट नसेल तर वॉटर हीटरच्या खोलीत किंवा गराजमध्ये बघा. दक्षिणेकडे अनेक घरांत तो अंगणाच्या टोकाला, रस्त्यालगत जमिनीतल्या झाकणाच्या डब्यात असतो. तो फिरवायला टी आकाराची लांब किल्ली लागते. ती हार्डवेअरच्या दुकानात मिळते. आधीच आणून ठेवा, कारण थंडीची लाट आली की सगळ्यांना ती एकाच दिवशी हवी असते.

व्हॉल्व्ह दोन प्रकारचे. सरळ दांड्याचा असेल तर दांडा पाईपच्या रेषेत म्हणजे चालू, आडवा म्हणजे बंद. पाव फेऱ्यात काम होतं. गोल चक्राचा असेल तर उजवीकडे बरेच आटे फिरवावे लागतात. जुना गोल व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं हलवलेला नसला की गंजून धरतो किंवा हलवल्यावर ठिबकायला लागतो. तो एकदा बंद करून पाहा, वरचे सगळे नळ कोरडे होतात का ते बघा. होत नसतील तर हिवाळ्याआधी प्लंबरकडून बदलून घ्या. मध्यरात्री बेसमेंटमध्ये घोटाभर पाण्यात उभं राहून हे समजण्यात काही मजा नाही.

मग त्याला एक रंगीत चिठ्ठी बांधा आणि घरातल्या प्रत्येकाला तो फिरवून दाखवा. उन्हाळ्याऐवजी हिवाळ्यात आलेल्या आईबाबांनासुद्धा. तुम्ही ऑफिसात असताना घरात तेच असतात. आमच्याकडे त्या चिठ्ठीवर आईच्या अक्षरात लिहिलंय, "पाणी आलं की आधी हे."

ऑक्टोबरची कामं

पहिलं थेट माझ्या पापाचं. बाहेरच्या नळांचे होज काढा. इथल्या बऱ्याच घरांत 'फ्रॉस्ट-फ्री' नळ असतात. दिसायला नळ बाहेर, पण आतली लांब नळी भिंतीतून आठ-बारा इंच घरात शिरलेली असते आणि पाणी अडवणारा पडदा तिच्या आतल्या, उबदार टोकाला असतो. नळ बंद केला की मधल्या नळीतलं पाणी उतारानं बाहेर गळून जायचं, अशी ती रचना. होज लावलेलाच राहिला तर ते पाणी बाहेर पडत नाही, नळीत साचून गोठतं आणि नळी फाडतं. हिवाळाभर काहीच कळत नाही, कारण पाणी फटीच्या आधीच अडलेलं असतं. वसंतात नळ उघडला की भिंतीच्या आत कारंजं सुरू. नळ हिवाळ्यात बिघडतो आणि बिल एप्रिलमध्ये येतं, त्यामुळे दोन्हींचा संबंध पुष्कळांच्या लक्षातही येत नाही.

नळ साधा, जुन्या पद्धतीचा असेल तर त्याच्या लाईनवर घराच्या आत वेगळा व्हॉल्व्ह असतो. तो बंद करा, मग बाहेरचा नळ उघडा आणि उरलेलं पाणी गळू द्या. आतल्या व्हॉल्व्हला बाजूला छोटी टोपी असते, ती सैल करून खाली वाटी धरली की राहिलेलं पाणीही निघतं. नळावर बसवायची फोमची टोपी मिळते. ती जरूर घाला, पण होज लावलेल्या नळावर नुसती टोपी घालणं म्हणजे ओल्या अंगावर स्वेटर.

लॉनचं स्प्रिंकलर असेल तर कॉम्प्रेसरनं हवा मारून पाणी बाहेर काढावं लागतं. हे काम माणूस बोलावून करून घ्या. दाब जास्त झाला की पाईप आणि स्प्रिंकलरची तोंडं दोन्ही जातात, आणि वाचवलेल्या डॉलरांच्या कितीतरी पट खर्च होतो.

मग घरात एक फेरी मारा. हातात टॉर्च घ्या आणि पाणी बाहेरच्या भिंतीला कुठे कुठे चिकटून जातं ते बघा. ठरलेल्या जागा सांगतो : खिडकीखालचं किचनचं सिंक, गराजच्या वर बांधलेली बाथरूम, बेसमेंट नसलेल्या घराखालची सरपटत जायची पोकळी, आणि बेसमेंटच्या भिंतीवर जिथे लाकडी सांगाडा टेकतो ती कड. त्या कडेला वाऱ्याच्या दिवशी हात धरला तर गार झुळूक सरळ कळते. केबलची तार, गॅसची नळी, ड्रायरचा पाईप जिथे भिंत भेदून बाहेर जातो तिथल्या फटी डब्यातल्या फोमनं किंवा कॉकनं (फटीत भरायच्या लेपानं) बुजवा. दहा डॉलरचं हे काम महागड्या इन्सुलेशनपेक्षा जास्त उपयोगी पडतं, असं माझं मत झालं आहे. गॅसवर चालणाऱ्या उपकरणांची धुराडी आणि हवा घेण्याची तोंडं मात्र कधीच बुजवायची नाहीत.

आपल्या मंडळींच्या घरातली खास जागा म्हणजे गराजमधलं दुसरं किचन. मासे, तळण, फोडणीचा वास घरात नको म्हणून हौसेनं शेगडी आणि सिंक गराजमध्ये बसवलेलं असतं. गराजला हीटिंग नसतं. त्या सिंकला वेगळा व्हॉल्व्ह बसवून घ्या आणि डिसेंबरआधी लाईन रिकामी करा. जमणार नसेल तर निदान गराजचं दार उघडं ठेवू नका.

उघड्या पाईपांवर फोमच्या नळ्या चढवा. आधी पाईप मोजा, बहुतेक घरांत अर्धा इंची आणि पाऊण इंची असतात, आणि तांब्याच्या व लोखंडी अर्धा इंचीची बाहेरची जाडी वेगळी असते. सांधे आणि कोपरे उघडे ठेवू नका, गोठण नेमकी तिथूनच धरते. पण फोमबद्दल गैरसमज नको. रजई स्वतः गरम नसते, आतल्याची ऊब धरते. पाईपभोवती ऊबच नसेल तर फोम गोठणं काही तास लांबवेल, थांबवणार नाही. अशा जागी विजेची हीट केबल लावतात. यूएल हा सुरक्षिततेचा शिक्का असलेली, तापमान ओळखून आपोआप कमीजास्त होणारी घ्या. केबल स्वतःवर आडवी येऊ देऊ नका, तिला एक्स्टेन्शन कॉर्ड जोडू नका, आणि पाकिटावरच्या सूचना एरवी वाचत नसाल तरी या वेळी वाचा.

लाटेच्या रात्री

हवामान खात्याचा इशारा आला, आकडा 20 च्या खाली जाणार. झोपण्याआधी पंधरा मिनिटं काढा.

थर्मोस्टॅट, म्हणजे घराचं तापमान ठरवणारं बटण, रात्री खाली आणायची सवय असेल तर त्या रात्री आणू नका. बिल थोडं वाढेल, वाढू द्या. पाहुण्यांच्या खोलीचं दार उघडा आणि तिथली हवेची जाळीही. आईबाबा उन्हाळ्यात येतात म्हणून ती खोली हिवाळाभर बंद, वर पैसे वाचवायला जाळीही बंद, आणि तिच्यातली बाथरूम बाहेरच्या भिंतीला. पाईप गोठायला याहून चांगली सोय कोणी करून देणार नाही.

सिंकखालच्या कपाटाची दारं सताड उघडा, म्हणजे खोलीतली ऊब आत जाईल. नुसती दारं उघडून भागत नाही. इंडियन स्टोअरच्या पिशव्या भरलेली ती एक मोठी पिशवी, रिकामे आइस्क्रीमचे डबे, जुनी कढई, हे सगळं बाहेर काढा, नाहीतर पाईप त्या ढिगामागेच थंड राहतो. घरात लहान मूल असेल तर साबण-फिनेल उचलून वर ठेवा.

आता नळ. बाहेरच्या भिंतीवरचे, आणि मेन व्हॉल्व्हपासून सगळ्यात लांबचा एक, असे नळ किंचित सोडा. एक दांड्याचा नळ असेल तर दांडा मधोमध ठेवा, म्हणजे गरम आणि गार दोन्ही लाईनींतून पाणी सरकेल. गरम पाण्याचा पाईपही गोठतो. धार किती? सुईत ओवायच्या दोऱ्याएवढी. थेंब-थेंबही चालतात, कारण खरं काम वाहण्यानं जितकं होतं त्याहून जास्त दाब सुटण्यानं होतं.

हे लिहायला सोपं आहे, करायला मला अजून जड जातं. मी लातूरचा. 2016 साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावच्या माणसाला रात्रभर नळ ठिबकता ठेवून झोप येत नाही. पहिल्या वर्षी मी दोनदा उठून नळ घट्ट बंद करून आलो होतो, हात आपोआप जातो. आता सिंकमध्ये पातेलं ठेवतो, सकाळी ते पाणी भांड्यांना आणि तुळशीला जातं.

अपार्टमेंटमध्ये भाड्यानं राहत असाल तर मॅनेजमेंटची "नळ ठिबकत ठेवा" अशी चिठ्ठी दारावर येते. ती गांभीर्यानं घ्या. तुमच्या घरचा पाईप फुटला तर पाणी खालच्यांच्या डोक्यावर जातं. रेंटर्स इन्शुरन्स नसेल तर काढा.

आणि वीज गेली तर? गॅसचा फर्नेससुद्धा पंख्यासाठी आणि कंट्रोलसाठी वीज मागतो. घर वेगानं गार पडायला लागलं आणि वीज लवकर येण्याची चिन्हं नसतील तर वाट बघत बसू नका. मेन व्हॉल्व्ह बंद करा, सगळ्यात वरचे आणि सगळ्यात खालचे नळ उघडा, पाईप रिकामे होऊ द्या. प्यायला आणि संडासाला पाणी आधी भरून ठेवा. कोळशाची शेगडी, बार्बेक्यू, जनरेटर यांतलं काहीही घरात किंवा गराजमध्ये लावू नका. टेक्सासमध्ये 2021 साली ऊब मिळवण्याच्या खटपटीत लोक कार्बन मोनॉक्साइडनं दगावले. बर्फ पडून गेल्यावर फर्नेसचे भिंतीतून बाहेर आलेले पांढरे प्लास्टिकचे पाईप बर्फाखाली गाडले गेलेत का, तेही बघा. ते बुजले तर फर्नेस बंद पडतो, आणि मग गोठण घरात येते.

सकाळी नळाला पाणी नाही

नळ सोडला, आणि करंगळीच्या नखाएवढं पाणी येऊन थांबलं. घाबरू नका. गोठलेला पाईप फुटलाच असेल असं नाही.

आधी कुठे गोठलंय ते ओळखा. एकाच नळाला नाही, तर त्या नळाच्या फांदीत. फक्त गरम येत नाही, तर गरमच्या लाईनीत. घरात कुठेच नाही, तर मीटरजवळ किंवा नगरपालिकेची अडचण. शेजाऱ्याला विचारा. मग संशयित भागावर हात फिरवा. पाईपवर गोठलेल्या दवाचा पांढरा थर दिसतो किंवा एखादा टप्पा अंगावर शहारा येईल इतका गार लागतो.

तो नळ उघडा ठेवा. एका माणसाला मेन व्हॉल्व्हजवळ उभं करा, फोन हातात देऊन. कारण पाईप फाटला असेल तर बर्फ असेपर्यंत बर्फच त्याला बूच घालून बसलेला असतो. बर्फ वितळताक्षणी पाणी सुटतं.

आता हेअर ड्रायर घ्या आणि नळाच्या बाजूनं सुरुवात करून गोठलेल्या जागेकडे सरका. उलट केलंत, मधूनच तापवलंत, तर वितळलेलं पाणी दोन्हीकडच्या बर्फात पुन्हा कोंडतं. ड्रायर नसेल तर गरम पाण्यात पिळलेले टॉवेल गुंडाळा, हीटिंग पॅड चालेल. पायाखाली पाणी साचलेलं असेल तर विजेचं काहीही हातात धरायचं नाही. मेणबत्ती, ब्लोटॉर्च, देवघरातली समई यातलं काहीही पाईपजवळ न्यायचं नाही. समई मी गमतीनं लिहिलेली नाही, एका घरात ती निघाली होती. या देशात भिंती लाकडाच्या असतात.

चिकाटी ठेवा, अर्धा-पाऊण तास सहज लागतो. आधी नळ गुरगुरतो, मग शिंतोडे, मग धार. धार पूर्ण आली तरी दोन-तीन मिनिटं चालू द्या आणि आजूबाजूच्या भिंतींवर, खालच्या छतावर ओल येते का ते दिवसभर बघत राहा. पाईप भिंतीच्या आत असेल किंवा तासाभरात काहीच हललं नाही तर प्लंबरला फोन करा.

फुटलाच तर

1. मेन व्हॉल्व्ह बंद. टॉवेल, बादल्या, फोटो सगळं नंतर.

2. वॉटर हीटर बंद. विजेचा असेल तर त्याचा ब्रेकर पाडा, गॅसचा असेल तर नॉब फिरवा.

3. पाणी दिव्यांपर्यंत किंवा सॉकेटपर्यंत पोचलं असेल तर त्या भागाचा ब्रेकर पाडा, पण पॅनेलपर्यंत कोरड्या पायांनी जाता येत असेल तरच.

4. सगळ्यात खालचा नळ उघडा, उरलेलं पाणी भिंतीऐवजी सिंकमध्ये जाऊ दे.

5. फोटो, व्हिडिओ, मग इन्शुरन्सला फोन. प्लंबरनं कापलेला पाईपचा तुकडा टाकून देऊ नका.

वाळवायला उशीर करू नका. 24 ते 48 तासांत कोरडं झालं नाही तर बुरशी धरते. कार्पेट वरून कोरडं लागलं तरी खालची गादी ओली असते. ती उचलावीच लागते.

डिसेंबरात भारतात जाताना

आपल्या लोकांचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. लग्नसराई, मुलांची सुट्टी, म्हणून तीन-चार आठवडे घराला कुलूप. फुटलेल्या अर्धा इंची पाईपमधून पाणी मिनिटाला कित्येक गॅलन जातं. आपण पुण्यात हुरडा पार्टीत, आणि इकडे शेजाऱ्याला गराजच्या दाराखालून ओघळ दिसेपर्यंत पाणी वाहत राहतं.

निघायच्या दिवशी मेन व्हॉल्व्ह बंद करा. पाणीच नसेल तर पूर यायचा प्रश्न नाही, इतकं हे सोपं आहे. फर्नेसवर हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर असेल तर तो बंद करा. टाउनहाऊसमध्ये फायर स्प्रिंकलर असतील तर त्यांचा व्हॉल्व्ह वेगळा असतो, त्यावर तशी पाटी असते. त्याला हात लावू नका. घर रेडिएटरनं, म्हणजे गरम पाणी फिरवून तापत असेल तर मेन बंद करण्याआधी हीटिंगच्या माणसाला विचारा, त्या बॉयलरला पाण्याची गरज असते.

व्हॉल्व्ह बंद झाला की विजेच्या वॉटर हीटरचा ब्रेकर पाडा, गॅसचा असेल तर 'व्हेकेशन'वर टाका. मग वरच्या मजल्यापासून खालपर्यंत एकेक नळ उघडा, गरम-गार दोन्ही, आणि गळायचं तेवढं गळू द्या. संडासाची टाकी एकदा फ्लश करा. नळ उघडेच सोडून जा.

थर्मोस्टॅट 55 फॅरनहाइटच्या खाली ठेवू नका. मी 58 वर ठेवतो. पाणी बंद असताना हीट कशाला, असं दर वर्षी कुणीतरी विचारतं. कारण वळणांमध्ये, सिंकखालच्या यू आकारात, डिशवॉशरमध्ये पाणी उरतंच. हीटही बंद करायची असेल तर त्या यू आकारांत आणि संडासात गुलाबी रंगाचं आरव्ही अँटिफ्रीझ (पाणी गोठू न देणारं द्रव) ओतावं लागतं. गाडीचं हिरवं अँटिफ्रीझ विषारी असतं, ते घरात वापरायचं नाही.

इन्शुरन्सचा कागदही एकदा काढून वाचा. घर रिकामं असताना पाईप गोठून झालेलं नुकसान भरून देण्याआधी कंपनी सहसा बघते, की तुम्ही घर उबदार ठेवण्याची नीट काळजी घेतली होती का, किंवा पाणी बंद करून पाईप रिकामे केले होते का. म्हणून थर्मोस्टॅटचा आकडा आणि आडवा केलेला व्हॉल्व्ह, दोन्हींचे तारखेसकट फोटो काढून ठेवा. तापमान खाली गेलं की फोनवर कळवणारं सेन्सर बेसमेंटमध्ये ठेवता येतं, पण फर्नेसबरोबर वायफायही बंद पडलं तर ते मुकं होतं. त्यापेक्षा मंडळातल्या एखाद्या मित्राकडे किल्ली द्या, आठवड्यातून दोनदा चक्कर मारायला सांगा आणि येताना त्याच्यासाठी चितळ्यांची बाकरवडी आणा. त्याला जाताना व्हॉल्व्ह मात्र दाखवून ठेवा.

परत आल्यावर विमानाच्या झोपेत व्हॉल्व्ह एकदम उघडू नका. आधी घरात फिरून कुठे ओल, डाग, फुगलेली भिंत दिसते का ते बघा. वरचे नळ उघडे राहू द्या, बाकीचे बंद करा, आणि व्हॉल्व्ह पावभर उघडून कान द्या. कुठे सळसळ ऐकू आली तर लगेच बंद. नळ खोकतील, हवा आणि तांबूस पाणी फेकतील, दोन-चार मिनिटांत धार स्वच्छ होईल. वॉटर हीटर सगळ्यात शेवटी, गरमच्या नळाला भरघोस, एकसारखी धार आल्यावरच सुरू करा. विजेचा हीटर टाकीत पाणी नसताना चालू केला तर त्याचं एलिमेंट मिनिटभरात जळतं.